बिनचेहऱ्याचा प्रतिस्पर्धी

पत्त्यांच्या डावात पानांआधी माणूस ओळखावा, अशी आपल्याकडील जुन्या खेळाडूंची समजूत असून, दिवाळीच्या रात्री आप्तेष्टांच्या संगतीत ज्यांनी तीनपत्तीचा फड रंगविला आहे, त्यांना तिची सत्यता पटवून देण्याचे कारण नाही. हाती काही नसले म्हणजे मामांचा आवाज चढतो, थोरल्या वहिनींना एक्के आले की त्यांचा हात फराळाच्या ताटाकडे वळेनासा होतो, आणि धाकटे काका ब्लाइंड खेळतात ते धैर्यापोटी नव्हे तर कंटाळ्यापोटी, ही सारी माहिती वर्षानुवर्षांच्या सहवासातून संचित झालेली असते. आणि ती ज्याच्यापाशी आहे त्याची पाने बेताची आली तरी रात्र निभावून जाते. पोकर हा तीनपत्तीच्याच गोत्रातला खेळ असल्यामुळे त्यातही माणूस वाचण्याच्या या विद्येला आजवर मोठा मान होता. परंतु संगणकाच्या पडद्यावर २०१० सालापासून या खेळाची एक अशी जात उदयास आली, की जिने हे सारे संचित एका फटक्यात बाद ठरविले. तिच्यात समोर माणसे असतात, पैसा खरा असतो, पानेही तीच बावन्न असतात; मात्र ज्याच्याशी आपण आता झुंजलो, तो पुढच्या डावात समोर असेलच असे नाही, किंबहुना बहुधा नसतोच.

नेहमीच्या टेबलावर ज्याने पाने टाकली त्याने डाव संपेपर्यंत इतरांची झुंज पाहत स्वस्थ बसावे, असा शिरस्ता आहे. या नव्या प्रकारात, ज्याला जाणकार ‘फास्ट-फोल्ड’ म्हणतात, खेळाडू वस्तुतः टेबलावर बसतच नाही; तो काही डझनांपासून काही शे लोकांपर्यंतच्या एका समूहात, म्हणजे ‘पूल’मध्ये, दाखल होतो, आणि संगणक त्या समूहातून दर डावाला सहा जण निवडून एक तात्पुरते टेबल मांडतो. आलेली दोन पाने नापसंत असतील तर स्वतःची पाळी येण्याचीही वाट न पाहता बटण दाबावे. त्याच क्षणी आपण दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या पाच जणांमध्ये, दोन नवी पाने घेऊन हजर होतो. मागे सोडलेल्या टेबलावरील मंडळींना मात्र आपली पाळी येईपर्यंत आपण उठून गेल्याचा पत्ता नसतो. सक्तीची रक्कम कोणी भरावी याचाही निवाडा संगणकच करतो: ज्याने सर्वाधिक काळ ती भरलेली नाही, त्याच्यावर ती पाळी येते, त्यामुळे ती चुकविण्याची लबाडी संभवत नाही.

‘फुल टिल्ट पोकर’ या कंपनीने जानेवारी २०१० मध्ये ‘रश पोकर’ या नावाने ही पद्धत प्रथम सुरू केली; २०१२ मध्ये ‘पोकरस्टार्स’ने तीच कल्पना ‘झूम’ या नावाने उचलली, आणि पुढे बहुतेक मोठ्या संकेतस्थळांनी आपापल्या नावाने तिची दुकाने मांडली. वेगाचा फरक किती, हे आकड्यांनीच कळावे. पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजावर, जिथे हाताने पाने पिसून वाटणारा माणूस बसलेला असतो, तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. संगणकावरच्या साध्या सहाजणी टेबलावर सत्तर-ऐंशी. आणि या द्रुतगती प्रकारात एकाच खिडकीत दोनशे ते अडीचशे. दोन एक्के हाती येण्याचा संभव २२१ डावांत एकदा असतो. म्हणजे जहाजावर ज्याची आठ-नऊ तास प्रतीक्षा करावी लागते, ते भाग्य येथे तासाभरात एकदा दर्शन देऊन जाते. आणि या सुलभ दर्शनातच पुष्कळ जणांच्या नाशाचे मूळ दडलेले आहे.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. प्रचलित प्रकार ‘टेक्सस होल्डेम’. प्रत्येकाला दोन पाने गुप्त. मध्यभागी पाच पाने सर्वांसाठी उघडी, प्रथम तीन एकदम, ज्यांना ‘फ्लॉप’ म्हणतात, मग चौथे ‘टर्न’ आणि पाचवे ‘रिव्हर’. एकूण सात पानांतून ज्याची पाच उत्तम, त्याची सरशी. पाने वाटताच एक फेरी आणि प्रत्येक उघडणीनंतर एकेक, अशा पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात. डावात काही तरी पैसा असावा म्हणून दोन खेळाडूंनी पाने पाहण्यापूर्वीच सक्तीने रक्कम भरायची, एकाने अर्धी आणि दुसऱ्याने पूर्ण. तिला ‘स्मॉल ब्लाइंड’ व ‘बिग ब्लाइंड’ अशी नावे आहेत, आणि सगळा हिशेब या बिग ब्लाइंडच्या पटीतच मांडतात. ‘बटन’ नावाच्या जागेवर बसलेल्याला फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सर्वांच्या शेवटी बोलण्याचा हक्क असतो, आणि इतरांचे मनोगत ऐकून मग स्वतःचे सांगण्याचा हा हक्क इतका मोलाचा आहे, की त्या जागेवरून खेळाडू सुमारे चाळीस-पंचेचाळीस टक्के पाने खेळू शकतो, तर सर्वांआधी बोलणाऱ्याने पंधरा-अठरा टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. माणूस ओळखण्याची सोय गेली, मग विचार तरी कशाच्या आधारे करावा? याचे उत्तर असे, की माणूस गेला तरी माणसांचा स्वभाव जात नाही; तो एकेकट्यात पाहण्याऐवजी समुच्चयात पाहावा लागतो. मुंबईच्या लोकलने नित्य प्रवास करणाऱ्याला डब्यातील एकाही इसमाचे नाव ठाऊक नसते, पण दादरला कोणत्या दाराशी लोट येणार आणि ठाण्याच्या पुढे कोणती बाके रिकामी होणार, हे त्याला बिनचूक सांगता येते. या खेळातील निष्णाताचे ज्ञान नेमके त्या जातीचे असते. समोरच्या खेळाडूचे पडद्यावरचे टोपणनाव त्याच्या दृष्टीने निरर्थक. ‘या मर्यादेच्या समूहातील सर्वसाधारण माणूस या जागेवरून, या रकमेची चाल करतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा काय असते?’ हा एकच प्रश्न तो पुनःपुन्हा विचारतो.

या समूहाच्या स्वभावाचा पहिला विशेष पद्धतीतूनच उपजतो. पाने टाकली की दुसरी तत्क्षणी मिळणार, हे एकदा अंगवळणी पडले म्हणजे मध्यम प्रतीच्या पानांशी झटापट करण्याची कोणाची इच्छा उरत नाही; राजा-नव्वी घेऊन डोके शिणविण्यापेक्षा पुढच्या टेबलावर राजा-राजा येईल, ही आशा प्रत्येकाच्या मनात जागी असते. परिणामी, जो डावात राहतो तो सरासरीपेक्षा चांगली पाने घेऊनच राहतो. यातून व्यूहाचे दोन परस्परपूरक नियम निघतात. पहिला असा, की पहिल्या जागेवरून कोणी चाल वाढविली तर तिला मान द्यावा. त्या गृहस्थाने हाताशी असलेले पलायनाचे बटण नाकारून सर्वांच्या आधी पैसे पुढे सरकविले आहेत, तेव्हा तुमचे एक्का-दश्शी किंवा राजा-गुलाम कितीही देखणे दिसले तरी त्याच्यापाशी एक्का-राजा असण्याचा संभव ध्यानी घेऊन ते निमूटपणे टाकावे. जोड जुळूनही दुसऱ्या पानाच्या कमीपणामुळे हरणे, हा पोकरमधला सर्वांत महागडा पराभव होय.

दुसरा नियम याच्या उलट दिशेचा आणि अधिक किफायतशीर आहे. बटनवर बसलेले असताना तुमच्या आधीच्या सर्वांनी पाने टाकली, तर समोर उरतात केवळ सक्तीने पैसे भरलेले दोघे. त्यांनी पाने निवडून पैसे भरलेले नाहीत, आणि पलायनाचे बटण त्यांनाही खुणावत आहे. येथे अडीच ब्लाइंडची चाल करावी. मध्ये असलेली रक्कम दीड ब्लाइंडची. दीड मिळविण्यासाठी अडीच पणाला लावले, म्हणजे शंभरात त्रेसष्ट वेळा दोघांनीही माघार घेतली तर हाती कोणतीही पाने असोत, चाल तोट्यात जात नाही. आणि पाने अगदीच टाकाऊ नसली तर याहून कमी वेळा माघार मिळूनही भागते. साध्या टेबलावर हा उद्योग चार वेळा लागोपाठ केला की पाचव्या वेळी शेजारी चिडून अंगावर येतो. येथे तो शेजारी केव्हाच निघून गेलेला असतो, आणि त्याच्या जागी आलेल्याला तुमच्या पूर्वीच्या चार चोऱ्यांची खबर नसते. स्मरणशक्ती नसलेल्या गावात चोराचे फावते, हे अर्थशास्त्र नीतीला कितीही खटको, खेळाच्या कक्षेत ते निर्विवाद खरे आहे.

अर्थात ज्याच्या खिशातून ही चोरी होते त्यालाही काही विचार करता येतोच. बिग ब्लाइंडवरील खेळाडूला आणखी दीड भरून चारच्या रकमेसाठी भांडता येते. म्हणजे त्याला सुमारे २७ टक्के विजयाची शाश्वती असली तरी पुरे, आणि दोन पानांच्या पुष्कळशा जोड्यांना एवढी शाश्वती कागदावर असतेच. मात्र कागदावरचे सत्तावीस हाती पडेपर्यंत वीसही उरत नाहीत. कारण पुढल्या तिन्ही फेऱ्यांत त्याला आधी बोलावे लागते आणि अर्धवट जुळलेली पाने मध्येच सोडून द्यावी लागतात. म्हणून बचाव करावा तो एकाच चिन्हाच्या अथवा लागोपाठच्या पानांनी. आणि स्मॉल ब्लाइंडवरून तर नुसती बरोबरी करण्यापेक्षा एक तर चाल वाढवावी किंवा पाने टाकावीत, हे बरे. बहुतेक संकेतस्थळांवर फ्लॉप उघडण्यापूर्वी संपलेल्या डावातून मालक आपला हिस्सा घेत नाही, हे यामागचे एक हिशेबी कारण आहे. त्याविषयी पुढे लिहायचे आहे.

हुलकावणीची गोष्ट थोडी निराळी. हाती काही नसताना मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवून लावणे, म्हणजेच ‘ब्लफ’, हा पोकरचा प्राण मानला जातो, आणि त्याला गणिताच्या सिंहासनावर बसविले ते जॉन फॉन नॉयमन या प्रकांड गणितज्ञाने. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्याने १९४४ मध्ये सिद्ध केलेल्या खेळांच्या सिद्धान्ताच्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र स्थान आहे. हुलकावणी ही लबाडीची लहर नसून गणिती आवश्यकता आहे, असे त्याचे प्रतिपादन: तुम्ही केवळ उत्तम पानांवरच मोठी रक्कम लावू लागलात तर प्रतिपक्ष ते ताडेल आणि तुम्हाला कोणी पैसेच देणार नाही. पण या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीत आहे, की प्रतिपक्ष तुम्हाला ताडू शकतो. जेथे तो दर डावाला बदलतो, तेथे हे गृहीत ढिले पडते. म्हणून द्रुतगती खेळात, विशेषतः लहान रकमांच्या समूहात, चांगल्या पानांवर भरपूर लावावे आणि शेवटच्या पानावर हुलकावणी कमीच द्यावी, हे रूक्ष धोरण फायद्याचे ठरते. आणि त्याच न्यायाने, टर्न किंवा रिव्हरवर कोणी अकस्मात मोठी वाढीव चाल केली तर ‘हा मला फसवीत असेल’ या गोड शंकेच्या नादी न लागता एका जोडीचा मोह आवरावा. लहान समूहातील सर्वसाधारण माणूस त्या ठिकाणी फारसा फसवीत नाही.

एक डाव जवळून पाहू. ब्लाइंड पाच आणि दहा सेंटचे, प्रत्येकापाशी दहा डॉलर, म्हणजे शंभर ब्लाइंडचा गल्ला. तुम्ही बटनवर, हाती इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी. बाकीच्यांनी पाने टाकली, तुम्ही पंचवीस सेंटची चाल केली, बिग ब्लाइंडने बरोबरी केली. मध्ये पंचावन्न सेंट. फ्लॉप पडला: इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री. तुमची चार इस्पिके झाली, पाचवे आले तर तुमच्याहून वरचे इस्पिक कोणापाशी असणे नाही. प्रतिस्पर्धी चूप, तुम्ही अठरा सेंट लावले, त्याने भरले, मध्ये एक्क्याण्णव. टर्नवर किलवरची दुर्री येते. तो पुन्हा चूप, तुम्ही साठ सेंट लावता, आणि तो एकाएकी चाल वाढवून दोन डॉलर दहा सेंटवर नेतो. घड्याळाचा काटा पळत आहे, आणि पलायनाचे बटण खाली चमकते आहे.

आता हिशेब. मध्ये तीन डॉलर एकसष्ट सेंट आहेत आणि तुम्हाला दीड डॉलर भरायचा आहे. म्हणजे बरोबरी साधण्यापुरती सुमारे २९ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. तुम्हाला तारणारी पाने कोणती? उरलेली नऊ इस्पिके. शिवाय एक्का, दुर्री, तिर्री, पंजी जमलेली असल्यामुळे कोणतीही चौकी लागोपाठची पाच पाने पुरी करते, आणि इस्पिकची चौकी आधीच मोजली गेली म्हणून त्यातल्या तीन अधिक. अशी एकंदर बारा. न दिसलेल्या सेहेचाळीस पानांत बारा म्हणजे २६ टक्के. तीन टक्के कमी पडले, म्हणून घाईतला माणूस पाने टाकून मोकळा होतो. पण उभयतांपाशी अजून साडेसात डॉलरच्या आसपास शिल्लक आहे, आणि लहान समूहातले प्रतिस्पर्धी टर्नवर उगाच अंगावर येत नाहीत हे आपण जाणतो. त्याच्यापाशी खरोखर भक्कम पाने आहेत, आणि भक्कम पानांचा धनी शेवटी पैसे भरल्यावाचून सहसा राहत नाही. तुमचे पान लागल्यावर त्याच्याकडून सरासरी चौसष्ट सेंट जरी अधिक निघाले तरी तूट भरून निघते. येथेही सावधगिरीची एक पोटनोंद करावी लागते: त्याच्यापाशी तीन अठ्ठ्या असतील तर इस्पिकची दुर्री किंवा तिर्री तुम्हाला जिंकविल्यासारखे करून त्यालाच तीन सारखी आणि एक जोडी, म्हणजे तुमच्याहून वरचे ‘फुल हाउस’ देईल. म्हणून बारातली दोन संशयास्पद धरावीत. मग शक्यता २२ टक्क्यांवर येते आणि पुढे वसूल करायची रक्कम एक डॉलर ऐंशीच्या घरात जाते. साडेसातांतून तेवढे निघण्याजोगे आहेत. भरावे. ज्या बातमीने साधा माणूस भिऊन पळतो, म्हणजे ‘हा खोटे बोलत नाही’, तीच बातमी येथे भरण्याचे कारण होते, हे या डावातील खरे मर्म.

एवढा विचार दहा-बारा सेकंदांत व्हायचा असतो, आणि दुसरी खिडकी उघडलेली असेल तर त्याच दहा-बारा सेकंदांत तेथेही कोणी तरी उत्तराची वाट पाहत असते. काही संकेतस्थळे एकाच खेळाडूला एकाच समूहात एकाहून अधिक खिडक्यांतून शिरण्याची मुभा देतात. नवख्याने ती घेऊ नये.

समूहाविषयी वर जे सांगितले त्याला एक अपवाद जोडणे अगत्याचे आहे. रकमेची पायरी जसजशी वर चढते तसतसा समूह आटत जातो, आणि मध्यरात्रीनंतरच्या चाळीस-पन्नास जणांच्या पूलमध्ये तेच व्यावसायिक खेळाडू परस्परांना दर काही मिनिटांनी भेटत राहतात. तेथे ओळख पुन्हा जन्म घेते, चोरीची नोंद ठेवली जाते, आणि जेथे संकेतस्थळाची परवानगी असते तेथे आकडेवारीचे सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या सवयींचे दप्तर तयार करून देते. अशा ठिकाणी फॉन नॉयमनचे शास्त्र पुनश्च लागू होते आणि रूक्ष धोरणाचा माणूस हळूहळू कापला जातो.

आता मालकाच्या हिश्शाविषयी. जुगाराच्या अड्ड्यावर जिला नाल म्हणतात ती येथे ‘रेक’ या नावाने प्रत्येक डावातून वळती होते, साधारणतः मध्ये जमलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आसपास, ठरावीक कमाल मर्यादेसह. पाच टक्के हा आकडा कानाला सौम्य लागतो. परंतु तो नफ्यावर नसून उलाढालीवर आहे, हे विसरता कामा नये. समजा, शंभर डावांमागे एका खेळाडूच्या वाट्याला रेकचे आठ ब्लाइंड येतात. तासाला पंचवीस डाव खेळणाऱ्याला हा कर दोन ब्लाइंडचा पडेल. अडीचशे खेळणाऱ्याला वीसचा. म्हणजे खेळाडूंनी एकमेकांचे कितीही जिंकले-हरले तरी वेगाचा खात्रीचा लाभार्थी एकच, आणि तो कधीही पाने हाती धरीत नाही. शिवाय साध्या पद्धतीत कच्च्या खेळाडूंचे टेबल हुडकून त्यांच्या डाव्या हाताला बसण्याची जी सोय असते, ती येथे नाही. संगणक बसवील तेथे बसावे लागते. म्हणून निष्णात खेळाडूचाही शंभर डावांमागचा लाभ द्रुतगती समूहात सहसा कमी भरतो, आणि तो डावांच्या संख्येने ही कसर काढू पाहतो.

नशिबाचे गणित यापेक्षाही निष्ठुर आहे, आणि ते समजून घेतल्याविना या खेळाचे काहीच समजले असे म्हणता येणार नाही. शंभर डावांमागे सरासरी तीन ब्लाइंड मिळविणारा एक उत्तम खेळाडू कल्पा. सहाजणी खेळात शंभर डावांच्या निकालात होणारा चढउतार, ज्याला संख्याशास्त्रज्ञ प्रमाण विचलन म्हणतात, नव्वद ब्लाइंडच्या आसपास धरण्याचा प्रघात आहे. दहा हजार डावांत याची अपेक्षित मिळकत तीनशे ब्लाइंड, पण चढउतार नऊशेंचा. म्हणजे दहा हजार डाव बिनचूक खेळूनही तो तोट्यात असण्याचा संभव शंभरात सदतीस. एक लाख डाव खेळल्यावरसुद्धा शंभरातले पंधरा उत्तम खेळाडू खिसा रिकामा करून बसलेले आढळतील. उलटपक्षी, शंभर डावांमागे तीन ब्लाइंड गमावणारी अनाडी माणसेही तितक्याच प्रमाणात दहा हजार डावांनंतर फायद्यात असतात आणि स्वतःला प्रज्ञावंत समजू लागतात. वेगाच्या बाजूने एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की जहाजावरच्या टेबलावर ज्या लाख डावांना चार हजार तास लागतील, ते येथे चारशे तासांत पुरे होतात, आणि आपण खरोखर कोणत्या पंक्तीत बसतो याचा फैसला माणसाच्या एका उमेदीत हाती येऊ शकतो. तो ऐकण्याची तयारी किती जणांची असते, हा प्रश्न वेगळा.

म्हणूनच गल्ल्याची शिस्त. रोकडीच्या खेळात एका वेळी टेबलावर आणायची रक्कम एकूण राखीव भांडवलाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या हिश्शाहून मोठी नसावी, असे द्रुतगती खेळातील जाणते सांगतात. कारण येथे दुर्दैवाची मालिका आठवड्यात नव्हे, एका संध्याकाळीच कोसळते. त्यात भर म्हणजे संतापाला विश्रांती नाही. जहाजावर मोठा डाव हरलेला माणूस पाने पिसून होईपर्यंत तरी दोन मिनिटे श्वास घेतो. येथे हरल्याच्या पुढच्या सेकंदाला दोन नवी पाने समोर उभी असतात, आणि डोके तापलेला मनुष्य त्यांच्यावर सूड उगवतो, वास्तविक ज्याने त्याचे पैसे घेतले तो समूहात कोठे विरघळला याचा त्याला पत्ताही नसतो. या अवस्थेला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. दोन गल्ले गेले की उठायचे, हा नियम बसण्यापूर्वी लिहून ठेवावा लागतो, बसल्यावर सुचत नाही.

या शिस्तीचा आदर्श म्हणून ज्याचे उदाहरण देतात, तो क्रिस फर्ग्युसन. संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेल्या या अमेरिकी खेळाडूने शून्य डॉलरपासून आरंभ करून, विनामूल्य स्पर्धांतून पहिले भांडवल उभारून दहा हजारांपर्यंत मजल मारली. रोकडीच्या टेबलावर एकूण ठेवीच्या पाच टक्क्यांहून अधिक आणायचे नाही, आणि टेबलावरची रक्कम दहा टक्क्यांवर गेली की उठायचे, असे नियम त्याने स्वतःवर लादून घेतले होते. दैवगती अशी, की तो ज्या कंपनीच्या संचालकांपैकी एक होता ती हीच, ‘रश पोकर’ची जननी फुल टिल्ट. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर कंपन्यांवर खटले भरले, आणि त्याच वर्षी पुढे सादर केलेल्या सुधारित दाव्यात म्हटले, की फुल टिल्ट खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत असता तिच्या बँकखात्यांत जेमतेम सहा कोटी होते. खेळाडूंनी गल्ल्याची शिस्त पाळावी म्हणून जगाला धडे देणाऱ्यांच्या दुकानातला हा जमाखर्च. अखेर २०१२ मध्ये पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून ती कंपनी विकत घेतली, तेव्हा अमेरिकेबाहेरील खेळाडूंना पैसे परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पानांचे गणित कितीही पक्के असो, गल्ला कोणाच्या तिजोरीत पडून आहे हा व्यूहाचाच भाग मानावा, असे आमचे मत या प्रकरणामुळे झाले आहे.

हे सारे विवेचन महाराष्ट्रातील वाचकाला व्यवहारात कितपत लागू पडते, हे सांगणे कर्तव्य आहे. मुंबईच्या १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरविले. आणि पोकरच्या मालकांनी वर्षानुवर्षे त्याच छत्राखाली आश्रय मागितला, जरी गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारातच गणले. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांसाठी जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा संमत करून कौशल्य आणि नशीब हा जुना भेदच निकालात काढला: पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. कायदा होताच देशातील पोकरच्या कंपन्यांनी रोकडीची टेबले आवरती घेतली, आणि कायद्याच्या वैधतेचा कज्जा न्यायालयात गेला. तेव्हा वर सांगितलेला व्यूह आज खऱ्या पैशांनी अंमलात आणू शकतात ते लंडन-मँचेस्टरकडचे मराठी बांधव, जेथे परवानाधारक संकेतस्थळे राजरोस चालतात.

येथल्या जिज्ञासूला खोट्या चिपांच्या टेबलावर या विद्येची परीक्षा घेण्याची इच्छा होईल, तर त्याला एक इशारा आधीच दिलेला बरा. बटनवरून केलेली अडीच ब्लाइंडची चोरी तेथे साधणार नाही. हरल्याने काही जात नाही म्हणून सत्ती-दुर्री घेऊनही लोक हौसेने भरतात, चौघे-पाच जण फ्लॉप पाहतात, आणि त्रेसष्ट टक्के माघारीवर उभा असलेला आमचा सगळा हिशेब पहिल्याच फेरीत कोसळतो. त्या टेबलावर फक्त उत्तम पाने घेऊन बसावे आणि ती आली की पूर्ण गल्ला लावावा, कारण भरणारे हमखास भेटतात.